रंग न लावलेली रांग

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसते आहे. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची तरी कवळी. वस्तू कुणाची आणि न्यायला आलंय कोण, हे मला दोन वाक्यांत कळतं. ज्याची छत्री असते तो आधी तिची खोड सांगतो: दांडा ढिला आहे, एक काडी वाकली आहे. ज्याची नसते तो कौतुक करतो, फार छान छत्री हो, अगदी नवी कोरी. आणि न विचारता जो कारणं द्यायला लागतो, त्याला मी दारातूनच वाटेला लावते. या नोकरीने बाकी काही दिलं नाही, संशय मात्र भरपूर दिला. नवरा मला घरात ‘हवालदार’ म्हणतो.

आमची रांग अकरा घरांची. सगळी एका साच्यातली: खाली दोन खोल्या, वर एक, पुढे चार पावलांचं अंगण आणि लोखंडी फाटक. आमचं घर पाच नंबरचं. एक नंबरात मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची सवय गेलेली नाही. सातमध्ये औषधांच्या दुकानाचा मालक. नऊमध्ये वहिनी, माझी वीस वर्षांची मैत्रीण, जिला माझ्या घरातल्या साखरेच्या डब्याचीही जागा माहीत आहे. आमच्या शहरात कालव्याच्या अलीकडे राहतो म्हटलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, आणि आमची रांग ही अलीकडची शेवटची रांग. पूल ओलांडायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत घराची किंमत निम्मी होते. का होते ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. पाणी दोन्हीकडे एकाच टाकीतून येतं.

गेल्या वर्षी चार नंबरच्या म्हाताऱ्या जोडप्याने घराला रंग काढला. पाहुणे येणार आहेत, म्हणाले. भिंतींना मलई रंग, फाटकाला हिरवा. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली, मी तर रंगाऱ्याचा फोन नंबरही लिहून घेतला. पंधराव्या दिवशी ट्रक आला, दोघं मुलाकडे निघून गेले, आणि घरात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायला आला. कालव्यापलीकडून.

त्याच आठवड्यात मास्तरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. सगळ्यांना म्हणजे चार नंबर सोडून.

“माणसं चांगलीच असतील,” मास्तर म्हणाले. “आपला माणसांवर काही राग नाही. प्रश्न भावाचा आहे. रांग बदलली असं लोकांना एकदा वाटलं की भाव उतरतो. भाव उतरला की एक जण विकतो. एकाने विकलं की दुसऱ्याचा धीर सुटतो.”

“लोकांना म्हणजे कुणाला?” माझ्या नवऱ्याने विचारलं.

“लोकांना हो. सगळ्यांना.”

“म्हणजे आपल्याला धरून का?”

मी त्याला कोपराने ढोसलं. शेवटी ठरलं असं की कुणीही घर विकायचं नाही. दहा घरांनी एकमेकांना शब्द दिला. लिहून सह्या घ्याव्यात असं औषधवाल्याचं म्हणणं होतं, पण आपल्या आपल्यात कागद कशाला, असं मास्तर म्हणाले. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. कागद नको म्हणणारी माणसं मी रोज बघते.

रंगाची गोष्ट मात्र त्या बैठकीत कुणी काढली नव्हती. ती आपोआप घडली. औषधवाल्याने फाटक घासायला काढलं, तर संध्याकाळपर्यंत पाच जण त्याला विचारून गेले, काय, काही विशेष? तो बिचारा तीनदा शपथा घेऊन सांगत होता की गंज चढलाय म्हणून घासतोय. दुसऱ्या दिवशी त्याने घासायचा कागद माळ्यावर टाकला. फाटक अर्धं घासलेलं आणि अर्धं गंजलेलं तसंच राहिलं. दहा नंबरचा पत्रा निखळला तो त्यांनी तारेने बांधला. मास्तरांच्या नावाच्या पाटीवरची तीन अक्षरं पडली, ती त्यांनी लावली नाहीत. आपण विकत नाही हे सिद्ध करायचा एकच मार्ग उरला होता, घराला हात न लावणं. ज्याचं घर जास्त कळकट तो जास्त विश्वासू. आम्ही सगळे एकमेकांच्या भिंतींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होतो आणि भेटलो की हसून तब्येती विचारत होतो.

मीही त्यातलीच, मी कशाला खोटं बोलू? रोज डेपोतून येताना मी दहाही घरं नजरेने चाळत असे. एकदा वहिनी सहज म्हणाल्या, “काही म्हणा ताई, आमचं घर हवेशीर आहे हं. उन्हाळ्यात पंखा लागत नाही.” वीस वर्षं ही बाई त्या घराच्या नावाने बोटं मोडत आली: जिना अरुंद आहे, मोरीला उतार नाही. आता एकदम कौतुक कुठून आलं? मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, वहिनींच्या मनात काहीतरी शिजतंय. तो म्हणाला, “हवालदार, बाईला खरंच हवा लागत असेल.”

आमचं स्वतःचं दुखणं वेगळंच होतं. वरच्या खोलीत, जिथे आम्ही झोपतो, तिथल्या भिंतीला ओल आली होती. आधी ताटलीएवढा डाग. मग पोपडे सुटायला लागले, मग काळी बुरशी. नवऱ्याची छाती आधीच अधू, तीस वर्षं छापखान्यात काढलेली. त्याला खोकला लागला तो जाईना. मी भिंत खरवडली, औषध मारलं, आतून नवा गिलावा करून घेतला. दोन महिन्यांत डाग पुन्हा वर आला, आणि या वेळी खाली स्वयंपाकघरापर्यंत उतरला.

एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा चार नंबरच्या गच्चीवरून लिफ्टवाल्याने हाक मारली.

“काकू, तुमच्या भिंतीला बाहेरून भेग आहे. इथून नीट दिसते. पाइपाच्या मागून निघून थेट खालपर्यंत गेलीय. आतून कितीही लिंपलंत तरी ओल थांबायची नाही. बाहेरूनच फोडून भरायला पाहिजे.”

“बरं,” मी म्हटलं.

“आपल्या दोन घरांमधला बोळ आमच्या बाजूला येतो. परांची लावायची झाली तर खुशाल लावा. माझा मेहुणा हेच काम करतो, चांगला हात आहे.”

मी खाली आले ती विचार करतच. हा माणूस आमची भिंत बघत का बसला होता? मेहुण्याला काम मिळवून द्यायचंय? की आमच्या फाटकाशी वाळूचा ढीग पडावा आणि रांगेत बोंब व्हावी, असं याच्या मनात आहे? भाव पडले तर याच्याच भाऊबंदांना इकडे घर घेणं सोपं. मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो खोकत होता म्हणून त्याला हसता आलं नाही.

“अगं, त्याने भेग दाखवली,” दम घेत तो म्हणाला. “एवढंच केलं त्याने.”

मी मास्तरांकडे गेले. परवानगी मागायला, असंच म्हणायला हवं, जरी माझं घर माझ्या नावावर आहे. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले, “ताई, या महिन्यात नको. तो अत्तरवाला सारखा फिरतोय.”

अत्तरवाला म्हणजे घरांचा एजंट. त्याच्याआधी त्याचा वास गल्लीत येतो म्हणून हे नाव. मास्तर म्हणाले ते खरंच होतं. तो रोज संध्याकाळी मोटारसायकल हळू चालवत रांगेवरून जात असे आणि कुणाच्या दारात विटा पडल्यात का ते बघत असे.

“तुमच्या फाटकाशी वाळू दिसली की झालंच,” मास्तर म्हणाले. “आतून करून घ्या ना.”

“आतून दोनदा केलंय.”

“मग पुढच्या महिन्यात बघू.”

मी घरी आले. मला मास्तरांचा राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि भीती नवऱ्याच्या छातीची नव्हती. दहा घरांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, त्याची होती. हे लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर अठरा दिवसांनी, सकाळी चहा घेताना नवऱ्याला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. मी फाटकात जाऊन ओरडले. पहिला धावत आला तो लिफ्टवाला, त्याच्याच गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. चार दिवस नळ्या, ऑक्सिजन, वाफारे. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

“बुरशी आहे का घरात?”

“आहे.”

“मग मी इथे कितीही औषधं दिली तरी तुम्ही यांना त्याच भिंतीत परत नेणार आहात. ती भिंत आधी कोरडी करा. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही.”

मी तिथूनच लिफ्टवाल्याला फोन केला आणि मेहुण्याला पाठवायला सांगितलं. रांग गेली खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं. पण माणूस एका दमात शूर होत नाही. घरी येऊन वाळूचा ढीग पडलेला बघितला आणि मी आधी दोन्ही बाजूंच्या फाटकांकडे नजर टाकली. औषधवाला फाटकात उभा राहून ढिगाकडे बघत होता. मला बघून आत गेला.

तेव्हा मी ती गोष्ट केली. जाड पुठ्ठा घेतला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘घरातील आजारपणामुळे भिंतीची दुरुस्ती चालू आहे. घर विकायचे नाही.’ खाली डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीची झेरॉक्स चिकटवली आणि पुठ्ठा तारेने फाटकाला बांधला. लोकांना खरं काय ते कळेल, मग प्रश्नच नाही, असं मला वाटलं. सव्वीस वर्षं खिडकीवर बसलेल्या बाईला असं वाटलं! न विचारता कारण देणाऱ्याला मी स्वतः दारातून परत पाठवते, आणि मीच ते कारण फाटकाला टांगून ठेवलं.

काम तीन दिवस चाललं. मेहुणा मुकाट्याने काम करणारा, हाताला साफ. परांची चार नंबरच्या अंगणात उभी होती. त्यांच्या अंगणभर सिमेंट उडालं, मुलींच्या सायकली घरात गेल्या, कामगारांना चहा त्यांच्याच घरून येत होता. मी फाटकातून सूचना देत होते. तिसऱ्या दिवशी भिंतीला पांढरा थर मारला आणि परांची उतरली. पंधरा दिवसांनी वरच्या खोलीतला वास गेला. नवरा एका कुशीवर सलग सहा तास झोपला. मी शेजारी बसून त्याचा श्वास ऐकत होते. वर्षभरात मला इतकं सुख कशानेच झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात वहिनींच्या फाटकावर पाटी लागली. ‘विकणे आहे’, खाली अत्तरवाल्याचा नंबर.

मी चपला न घालता नऊ नंबरला गेले. वहिनींनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

“वहिनी, हे काय?”

“काय म्हणजे? सुरुवात तुम्हीच केलीत.”

“अहो, यांचा जीव जात होता! मी लिहिलं होतं फाटकावर, विकायचं नाही म्हणून.”

“म्हणून तर,” वहिनी म्हणाल्या. “ज्याला विकायचं नसतं तो असं लिहितो का ताई? माझ्या फाटकावर कधी लिहिलं होतं मी? चार नंबरच्या म्हाताऱ्यांनीही पाहुण्यांचं कारण सांगितलं होतं. मला कसं कळणार? तुम्ही तर बोलून चालून हवालदार, माझ्या जागी तुम्ही असता तर विश्वास ठेवला असता?”

नसता ठेवला. त्या रडत होत्या. त्यांचं सगळं काही त्या घरात अडकलेलं होतं, मुलगा विचारत नव्हता, आणि सगळ्यांच्या शेवटी विकणाऱ्याच्या हातात काय पडतं हे मास्तरांनी आम्हाला नीट शिकवलं होतं.

आठ दिवसांत सहा पाट्या लागल्या. सातवी मास्तरांची. त्यांनी माझ्याशी नजर मिळवली नाही, उलट आधी पडलेली तीन अक्षरं लावून, पाटी चकचकीत पुसून मग विक्रीची पाटी लावली. सगळ्या रांगेत एकदम रंगारी आले. वर्षभर अडवून ठेवलेला रंग लोकांनी दोन आठवड्यांत काढला. आमची रांग इतकी देखणी कधीच दिसली नव्हती, आणि तिचा भाव रोज उतरत होता. बघायला येणारे गाडीतून न उतरताच विचारत, एवढी घरं एकदम का निघाली? मग स्वतःच पुलाकडे बघून मान हलवत. चार नंबरकडे कुणी बोट दाखवलं नाही, पण रांगेत सगळे म्हणत होते, बघा, म्हटलं होतं ना. वर्षभर निगा राखलेलं घर ते एकच होतं.

अत्तरवाला एका संध्याकाळी आमच्या फाटकाशी थांबला. “ताई, तुमची पाटी कधी?” म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो हसून पुढे गेला आणि चार नंबरसमोर थांबला. मी खिडकीतून बघत होते. लिफ्टवाला बाहेर आला, दोघं बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या हिरव्या फाटकावर पाटी होती.

ती पाटी बघून मला जे वाटलं ते वहिनींच्या पाटीने वाटलं नव्हतं. ज्या माणसाने आमची भेग दाखवली, नवऱ्याला उचलून गाडीत घातलं, तोही चालला. मी संध्याकाळी साडी बदलली आणि त्यांच्याकडे गेले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडत होते.

आत सगळं आमच्यासारखंच, फक्त उलटं: आमचा जिना डावीकडे, त्यांचा उजवीकडे. लिफ्टवाला कामावर होता. बायकोने मला बसवलं, पाणी दिलं. मुली वर अभ्यास करत होत्या.

“पाटी काढा,” मी म्हटलं. “कशाला जाताय? आम्ही आहोत ना इथे.”

“तुम्ही राहणार?”

“राहणार. हे बरे झालेत, भिंत कोरडी झाली. आम्हाला कुठे जायचंय?”

तिने पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. तिशीची बाई, पण थकलेली दिसत होती.

“काकू, आम्ही या घराचे जास्त पैसे दिले. घर एवढ्या किमतीचं नव्हतंच. आम्ही या रांगेचे पैसे दिले. मुलींनी पत्ता सांगितला की कुणी नाक मुरडू नये म्हणून दिले. आता रांगच उठून चाललीय. पत्ता उरला, तुम्ही सगळे गेलात. महिनाभराने आम्ही परत कालव्यापलीकडेच असू, जागेवरून न हलता.”

“म्हणून तर सांगते, आम्ही राहतोय. दोन घरं राहिली तर बाकीचेही थांबतील.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग तुम्हीच घ्या आमचं घर,” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, हिशेबी बाईसारखं विचारत होती. “तुमची लेक भाड्याने राहते ना? घर शोधतेय म्हणून काका सांगत होते. शेजारीच होईल. आम्हाला नफा नको, आम्ही दिले तेवढेही नकोत. आजच्या भावाने घ्या.”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. घर चांगलं होतं, भिंती कोरड्या होत्या, लेक शेजारी आली असती आणि या माणसांचं नुकसान थोडं तरी कमी झालं असतं. नवऱ्याने ऐकलं असतं तर तो तिथेच हो म्हणाला असता. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजच्या भावाने कशाला? महिनाभर थांबलं तर आणखी उतरेल. आणि दुसरा विचार लगेच त्याच्या मागोमाग आला, की अशा रांगेत लेकीचे पैसे घालायचे कशाला?

“यांना विचारून सांगते,” मी म्हटलं.

ती रागावली नाही. माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, उठली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. “सावकाश सांगा,” म्हणाली. “काही घाई नाही.” मी घरी आले. नवऱ्याने विचारलं काय म्हणाली ती, तर मी त्याला सांगितलं की काही विशेष नाही, त्यांनी ठरवूनच टाकलंय.